क्रेसिडाची उचकी

उचकी लागली की आपल्याकडे विचारतात, कोण आठवण काढतंय? रुसैलच्या एका गॅरेजात गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या टोयोटा क्रेसिडाला उचकी लागायची आणि तिथल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असायचं. उस्ताद म्हणायचे पेट्रोल, केरळचा इलेक्ट्रिशियन म्हणायचा कॉइल, गाडीचा मालक म्हणायचा नशीब. गॅरेज चालवणाऱ्याचं उत्तर वेगळंच होतं. तो म्हणायचा, ‘पोरगा.’

रुसैल ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मस्कतहून विमानतळ मागे टाकून पुढे गेलं की बुर्ज अल सहवाचा घड्याळाचा मनोरा येतो आणि तिथून निझवाकडे जाणारा रस्ता फुटतो. त्या रस्त्याच्या सुरुवातीलाच ओमानची पहिली औद्योगिक वसाहत आहे. एका बाजूला कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या बाजूला हजर पर्वताचे उघडेबोडके, तपकिरी डोंगर. इथल्या एका कारखान्यात मी विजेच्या देखभालीचं काम करतो. मोटारी, पॅनेल, ड्राइव्ह, सेन्सर हे माझं रोजचं. गाड्यांचा मी मिस्त्री नाही. पण लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगराजवळ गेलं. तिथे ऍम्बॅसिडरचं पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेलं बघायला आम्ही शाळा सुटल्यावर थांबायचो, त्यामुळे या प्रकाराचं आकर्षण जुनं आहे.

गाडीचा मालक आमच्याच कारखान्यातला सुपरवायझर, बलुची वंशाचा ओमानी. त्याची उर्दू माझ्या हिंदीपेक्षा शुद्ध. मला तो ‘मुहंदिस’ म्हणतो, म्हणजे इंजिनिअर. क्रेसिडा त्याच्या वडिलांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवी घेतलेली. तिच्यात २२आर जातीचं इंजिन होतं: चार सिलिंडर, २३६६ सीसी, कार्ब्युरेटर. अमर असल्याची ख्याती असलेलं. ते अखेर झिजलं, तेल पिऊ लागलं. तेव्हा मुलाने शारजाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून जपानहून उतरलेलं २जेझेड-जीई इंजिन आणलं. एका रांगेत सहा सिलिंडर, २९९७ सीसी, इंजेक्शनवालं, त्याचा संगणक आणि तारांचा गुंता यासकट. ते बसवून दिलं दुसऱ्याच एका गॅरेजने. पोलिसांची परवानगी, तपासणी, मुल्कियेवर नव्या इंजिनाची नोंद, सगळं रीतसर झालं. फक्त एसीचं काम राहिलं होतं. ओमानच्या जूनमध्ये एसीविना गाडी चालवणारा माणूस एक तर फार गरीब असतो किंवा गाडीच्या प्रेमात पडलेला.

आता उचकीबद्दल. गाडी थंड असताना अगदी सुरळीत. वीस-पंचवीस मिनिटं चालली, एखाद्या चौकात थोडी थांबली आणि मग हलका पाय दिला की घसा धरल्यासारखी अडखळायची. दोन-तीन झटके, कधी चार. आपले मिस्त्री याला ‘मिसिंग मारते’ म्हणतात. मिनिटभराने आपोआप बरी व्हायची. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वसाहतीतून निझवा रस्त्याला लागताना पाय दिला आणि गाडीने नेमका त्याच क्षणी श्वास सोडला, मागून येणाऱ्या ट्रेलरच्या भोंग्याने आरसा भरून गेला, असं एका रात्री झालं होतं. मागच्या सीटवर त्याची दोन मुलं होती. त्यानंतर वडील त्या गाडीत बसेनासे झाले आणि सुट्या भागांसाठी गाडी फोडणाऱ्या एका गिऱ्हाइकाशी मालकाचं बोलणं सुरू झालं.

मी गॅरेजात पहिल्यांदा गेलो त्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत काय काय बदललं गेलं होतं, त्याची यादी उस्तादांनी बोटं मोडत सांगितली: प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्यूटरची कॅप, पेट्रोल फिल्टर, बॅटरी आणि शेवटी टाकीतला पंप. नवा पंप बसवला होता गॅरेजातल्या हेल्परने, चितगावकडच्या वीस-बावीस वर्षांच्या पोराने. पंप बदलूनही उचकी गेली नाही. त्यामुळे पंप नीट बसवला गेला नाही, पोराने कुठेतरी घाण जाऊ दिली, असा निष्कर्ष निघाला आणि पंपाचे तीस रियाल त्याच्या पगारातून कापायचं ठरलं. तीस रियाल म्हणजे त्याच्या घरी त्या महिन्यात जाणाऱ्या पैशांचा मोठा हिस्सा. आखातात ज्यांनी वर्षं काढली आहेत त्यांना हे नवीन नाही. सापडत नसलेला दोष जिन्याने खाली खाली उतरत जातो आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्यापाशी थांबतो.

उस्ताद पेशावरकडचे, साठी ओलांडलेले. त्यांचा पेट्रोलवरचा संशय काही हवेतला नव्हता. आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही तो लगेच पटेल. मे महिन्यात घाटात फियाट किंवा ऍम्बॅसिडर बंद पडली की ड्रायव्हर बोनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचा. नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ढकलता यायची नाही. पंचेचाळीस अंशांच्या रुसैलमध्ये हाच विचार पहिला येणार. पण त्या जुन्या गाड्यांत पंप इंजिनावर असायचा आणि पेट्रोल ओढून घ्यायचा. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो. टोयोटाच्या या जातीच्या इंजिनांत हा दाब ३८ ते ४४ पीएसआयच्या दरम्यान असतो, आणि वापरून उरलेलं पेट्रोल सतत टाकीकडे परतत राहतं. दाबाखालच्या, वाहत्या पेट्रोलची वाफ सहजासहजी होत नाही.

तरी सिद्धांताने उस्ताद गप्प बसणारे नव्हते आणि बसूही नये. म्हणून आम्ही दाबाचं घड्याळ लांब नळीने जोडलं, ते बोनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर चिकटपट्टीने चिकटवलं आणि वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर फेऱ्या मारल्या. उचकी आली. घड्याळाची सुई पायाबरोबर जशी हलायला हवी तशीच हलत राहिली, कुठेही कोसळली नाही. म्हणजे पंप बरा, फिल्टर बरा, नळ्या बऱ्या. आणि पोरगाही बरा, पण हे ऐकायला गॅरेज चालवणारा तेव्हा तिथे नव्हता. नंतर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग आणखी काय बिघडवलंय ते शोधा.

कॉइलचा संशय त्याहून सोपा निघाला. ठिणगीला सर्वात जास्त कष्ट पडतात ते पूर्ण पाय दाबल्यावर. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल गच्च भरलं की त्यातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल किंवा वायर कमजोर असेल तर गाडी तिथे आधी रडते. आमची क्रेसिडा उलटी होती. पूर्ण पाय दाबला की उचकी नाहीशी, हलक्या पायावर हजर. याच एका गोष्टीने पेट्रोलही सुटतं, कारण पेट्रोल कमी पडायचं तर तेही भरपूर मागणीच्या वेळीच पडेल. मला विचाराल तर इतक्या वस्तू बदलण्याआधी ‘कधी होतं’ या प्रश्नावर एक संध्याकाळ घालवायला हवी होती. पण गॅरेजात वेळेचं बिल लावता येत नाही, वस्तूचं लावता येतं. गिऱ्हाईकही नव्या वस्तूचा खोका बघून खूश होतं.

संगणकालाही विचारून झालं होतं. त्या काळच्या टोयोटांत बोनेटखाली एक छोटा खोका असतो. त्यातल्या टीई-१ आणि ई-१ या दोन भोकांत तारेचा तुकडा घातला की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा उघडझाप करून दोषाचा आकडा सांगतो. १४ म्हणजे इग्निशन, २२ म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, ४१ म्हणजे थ्रॉटलचा. आमचा दिवा एकसारखा लुकलुकत राहिला, म्हणजे सगळं आलबेल. संगणक तक्रार करतो ती सेन्सरची तार तुटली किंवा आकडा अशक्य कोटीतला आला तर. आकडा खोटा पण शक्य असेल तर तो त्यावर विश्वास ठेवतो आणि त्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो.

इंजिन बदललेल्या गाडीची खरी अडचण इथेच आहे. क्रेसिडाचं माहितीपुस्तक मिळतं, इंजिनाचंही मिळतं. पण या क्रेसिडात ते इंजिन बसवल्यावर जी तिसरी गाडी तयार झाली, तिचं पुस्तक कोणीच लिहिलेलं नसतं. कोणती तार कुठे जोडली हे एका माणसाच्या डोक्यात असतं आणि तो माणूस तोपर्यंत दुसऱ्या गॅरेजात, कधी दुसऱ्या देशात गेलेला असतो.

मग आम्ही वही केली. मी गाडी चालवायची आणि शेजारी बसलेल्या पोराने लिहायचं: किती मिनिटं झाली, सुई कुठे आहे, दिवे लागलेत का, उचकी कधी आली, कधी गेली. बंगाली अंक आणि देवनागरी अंक थोडेफार सारखे असल्यामुळे मला त्याची वही निम्मी वाचता यायची. एसी नसल्याने चारही काचा खाली, तोंडावर भट्टीचा वारा. तीन संध्याकाळी गेल्या. दिवे लावले की उचकी किंचित वाढते, हे तिसऱ्या दिवशी वहीत दिसलं. त्याच संध्याकाळी एका फाट्यावर थांबलो असताना पोरगा वहीतून मान वर करून म्हणाला, “साब, फ्यान चलता, तब होता.”

मी इंजिन चालू ठेवून कान दिला. समोरून पंख्यांची घरघर येत होती. पाय हलका दाबला, उचकी. थोड्या वेळाने घरघर थांबली. पाय दाबला, इंजिन लोण्यासारखं. पुन्हा घरघर, पुन्हा उचकी.

मूळ २२आर इंजिनाला पंखा पट्ट्यावर चालायचा. सहा सिलिंडरचं इंजिन लांब, त्याच्यापुढे रेडिएटरपर्यंत जागा उरली नाही, म्हणून तो पंखा जाऊन विजेचे दोन पंखे आले होते. इंजिन तापलं की ते सुरू होत आणि गाडीने वेग घेतला की वाऱ्यानेच रेडिएटर गार होऊन बंद पडत. उन्हात दोष दिसायचा, चौकात थांबल्यावर दिसायचा, निझवा रस्त्यावर वेग घेतल्यावर जायचा, या सगळ्याला आता एकच धागा मिळाला. उष्णता फक्त पंख्याचं बटण दाबत होती.

पंखे आणि उचकी यांचं नातं जोडणं हे मात्र माझ्या रोजच्या धंद्यातलं होतं. कारखान्यात मोठी मोटर सुरू झाली की लांबच्या कुठल्यातरी सेन्सरचा आकडा उडी मारतो आणि दर वेळी शोध अर्थिंगपाशी संपतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, अर्थिंग मी तपासलंय. त्याने मीटरच्या दोन्ही टोकांनी पुन्हा दाखवलं. एक टोक बॉडीला, दुसरं इंजिनाला, मीटर ‘टीं’ करून वाजला. त्याचं म्हणणं खरं होतं. पण मीटरचा तो आवाज फक्त वाट आहे एवढंच सांगतो. पायवाट आहे की हमरस्ता, हे सांगत नाही.

मी मीटर व्होल्टवर घेतला. एक टोक बॉडीच्या पत्र्यावर, एक इंजिनाच्या ब्लॉकवर, इंजिन चालू, पंखे बंद: ०.०५. पंखे सुरू झाले: ०.६२. दिवे लावले: ०.७ च्या पुढे. एकाच गाडीच्या दोन लोखंडांमध्ये, जिथे जवळजवळ शून्य असायला हवं तिथे, अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक. उस्तादांनी मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता चहा सांगितला.

घडत होतं ते असं. अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो. त्याची वीज तारेने पंख्यांपर्यंत जाते, पंख्यांतून बॉडीत उतरते आणि बॉडीतून तिला परत इंजिनावर यायचं असतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून या परतीच्या वाटेसाठी तांब्याची जाड पट्टी लावतात. आमच्या गाडीत बॅटरीची जाड काळी केबल फक्त बॉडीला गेली होती आणि इंजिनाला जोडणारी एकच बारीक विणलेली पट्टी होती. तीही नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर, रंगाच्याच वर बोल्टने आवळलेली. धातूला धातू लागत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. तिथला रोध असेल एका ओहमचा पन्नासावा भाग. साध्या मीटरला तो शून्यच वाटतो. पण दोन्ही पंखे मिळून तीसेक अँपिअर ओढत होते, आणि तीसला पन्नासने भागलं की ०.६ येतात.

एवढ्याने इंजिन का अडखळावं? याचं उत्तर डॅशबोर्डखाली मिळालं. टोयोटाच्या मूळ रचनेत संगणकाच्या अर्थिंगच्या तारा इंजिनावर, इनटेक मॅनिफोल्डपाशी आवळलेल्या असतात, आणि सेन्सरची अर्थिंगची तार वेगळी, थेट संगणकापर्यंत परत जाते. इथे तारा लांबवताना अदलाबदल झाली होती. संगणकाची अर्थिंग हातमोज्यांच्या कप्प्यामागे बॉडीला, आणि सेन्सरची इंजिनावर. दोन वेगवेगळे ‘शून्य’ तयार झाले. मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर ब्लॉकपासून मोजून दीड व्होल्ट सांगायचा, संगणक बॉडीपासून मोजून तेच सव्वाच्याही खाली ऐकायचा. हवा कमी आली असं समजून पेट्रोल कमी सोडायचा. हलक्या पायावर आकडाच लहान, त्यात ही तूट मोठी पडायची. पूर्ण पाय दाबल्यावर सेन्सर चारच्या आसपास बोलायचा, तिथे ती तूट पचून जायची. वहीतली प्रत्येक नोंद यात बसत होती.

आणखी एक गोष्ट बसली, जिच्याकडे कोणी दोष म्हणून पाहिलंच नव्हतं. गाडी गरम असताना सेल्फ जड फिरायचा. आखातात बॅटरी दोन उन्हाळे काढते तेव्हा लोक तिचे आभार मानतात, त्यामुळे बॅटरी बदलून विषय संपवला होता. पण सेल्फ पंख्यांच्या कितीतरी पट वीज ओढतो, आणि तीही याच पट्टीतून परतत होती.

खात्री करायला खर्च शून्य आला. बॅटरी उतरल्यावर दुसऱ्या गाडीवरून चालू करायला जी जंप केबल वापरतात, तिचा एक चिमटा बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरा इंजिनाच्या लोखंडी हुकाला लावला. मीटर ०.०८ वर आला. पंखे घरघरत होते. उस्तादांनी स्वतः थ्रॉटल हलकेच दाबलं. उचकी नव्हती. त्यांनी चिमटा काढला, उचकी आली. लावला, गेली. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं, लहान मूल दिव्याचं बटण दाबतं तसं. मग म्हणाले, “तीस साल हो गए, गर्मी को गाली देते देते.”

पक्की दुरुस्ती शुक्रवारी झाली. बॅटरीपासून थेट ब्लॉकपर्यंत वेल्डिंगची जाड केबल, ब्लॉकपासून बॉडीला दुसरी, दोन्हीकडचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केलेला आणि वरून ग्रीस, म्हणजे किनाऱ्याकडून येणाऱ्या दमट हवेने तो गंजू नये. संगणकाची अर्थिंग मॅनिफोल्डवर, सेन्सरची तार संगणकाकडे. रंग खरवडायचं काम पोराने केलं, फार मन लावून. सामानाचा खर्च सात रियालांच्या आत.

त्या तीस रियालांचं काय झालं? महिन्याच्या शेवटी ते कापले गेले नाहीत. कोणी त्याला तसं सांगितलं नाही, चुकलो म्हणणं तर दूरच. त्याने पाकिटातले पैसे दोनदा मोजले आणि मला लांबून हात केला. नवा पंप अर्थातच मालकाच्या बिलात गेला. गरज नसताना बसलेला तो पंप आजही टाकीत इमानाने चालू आहे.

दुसऱ्या शनिवारी मालक वडिलांना पुढच्या सीटवर बसवून फंजाच्या चढापर्यंत जाऊन आला. गाडी फोडणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोन त्याने उचलला नाही, असं तो म्हणाला. रविवारी सकाळी कारखान्यात माझ्या टेबलापाशी आला तेव्हा चेहरा जरा चिंतेत होता.

“मुहंदिस, तापमानाची सुई आता पहिल्यापेक्षा खाली राहते. काही बिघडलंय का?”

त्या घड्याळाचा सेन्सरही ब्लॉकवरच बसतो, वाकडं शून्य सरळ झाल्यावर ते पहिल्यांदाच खरं बोलतंय, हे मी त्याला समजावलं. त्याने मान हलवली. दुपारी पाहिलं तर गाडीचं बोनेट उघडं होतं आणि तो आत वाकून पट्टीच्या बोल्टला हात लावून बघत होता.